वांग्याच्या फुलाचा रंग

पेंटरने आत्याबाईंच्या खोलीत भिंतीवर दोन पट्टे मारून दिले. दोन्ही फिकट जांभळे. मला विचाराल तर दोन्ही सारखेच. एकात जरा निळी झाक, दुसऱ्यात किंचित गुलाबी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. भूकंपानंतर सास्तुरात बांधून मिळालेल्या या घरात त्यांनी पांढऱ्या भिंतींतच तीस वर्षं काढली. आता पहिल्यांदाच तोंड उघडून काही मागितलं होतं: खोलीला वांग्याच्या फुलाचा रंग.

परसातलं फूल खुडून आणायचं आणि आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांना लावून बघायचं, हा त्यांचा उद्योग. सकाळी, दुपारी, परत संध्याकाळी लाईट लावून. डोळ्यांत मोतीबिंदू, पण चिकाटी दांडगी. इकडे माझी शाळा, नवरात्राची आवराआवर, आणि दोन दिवसांत घट बसायचे. शेवटी मी म्हणाले, "आत्याबाई, लुगडं घेतानाबी एवढं बघत न्हाय तुमी."

त्या हसल्या. गुलाबी झाकेच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो."

उमरग्याच्या दुकानात नेमका तोच नव्हता. चार दिवसांनी येईल म्हणाले. दुसरा, निळ्या झाकेचा होता, तो मी घेऊन आले. घटाचं आपलं निमित्त. खरं तर मला वाटलं, यांना कुठं कळणार आहे?

भिंती वाळल्यावर त्यांनी हात फिरवत विचारलं, "ह्योच नव्हं का गं?"

"व्हय," मी म्हणाले.

घट बसले, उठले. आल्यागेल्याला त्या खोली दाखवायच्या. "रंग म्या निवडलाय. सुनंनं माझ्या मनासारखं केलं." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चहाचं निमित्त करून मी आत पळायची. तेव्हाच खरं सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं.

दिवाळीनंतर त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर त्या भिंतीपाशी उभ्या. हातात वांग्याचं फूल.

त्यांनी फूल भिंतीला लावलं, काढलं, परत लावलं. मग ते खिडकीत ठेवून माझ्या हातातला कप घेतला.

"औंदा फुलंच जरा गुलाबी आल्यात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "रंग त्योच हाय."

आणि मी पुन्हा "व्हय" म्हणाले.