दगडावर ठेवलेला हात

गावंडे उस्ताद शिकवायला उभे राहिले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालत. मग उकिडवे बसून डावा हात, बोटं पसरून, दगडावर ठेवत. मोटारसायकलचं पुढचं चाक त्या बोटांना खेटून न्यायचं, गाडी थांबवायची नाही आणि पाय जमिनीला लावायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं आहे, हे मला नंतर दिसलं.

अमरावतीला वडाळीच्या तलावामागे काळ्या दगडांचा एक नाला होता, पावसाळा सोडला तर कोरडा. लढाईत मोटारसायकलवरून निरोप पोचवण्याचं काम करून उस्ताद घरी परतले होते आणि लष्कराच्या लिलावातली एक धिप्पाड गाडी घेऊन त्या नाल्यात पोरं तयार करत होते. पन्नासचं दशक सरत आलं होतं. अकोल्याला पोलिसात मोटारसायकलस्वाराची जागा निघणार होती आणि त्यासाठी मोर्णा नदीच्या पात्रात ट्रायल द्यायची होती. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. दगडगोट्यांतून, चिखलातून, चढावरून आखलेल्या वाटेनं गाडी अगदी सावकाश न्यायची. पाय टेकला की गुण गेले, गाडी थांबली की तो टप्पाच गेला. मॅट्रिकला आपटलेल्या मला दुसरी नोकरी कुठं दिसत नव्हती, आणि उतार दिसला की मी ब्रेक आवळून धरी.

उस्ताद आम्हाला चपला काढायला लावत. वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळीच्या फांद्या पसरत आणि म्हणत, "आता टेकव पाय, कुठं टेकवतं थे." सीटवर बसून चालवणाऱ्याला ते विचारत, "काहून बे, गाडी हाय का खाट? उभा राय. गुडघे टाकीले लाव, कोपरं सैल सोड." क्लच अर्धा दाबून, रेस एकसारखी धरून, अंगाचा भार पायदानावर तोलत उभं राहायचं, हे आम्ही रक्ताळलेल्या पायांनी शिकलो. तिवश्याचा एक पोरगा टाचेत काटा मोडून घेऊन रडकुंडीला आला, तर उस्ताद म्हणाले, "काटा काढाले घरी माय हाय ना? चाल, परत वर जाय." तो वर गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

माझी खोड वेगळी होती. हाताला जपायचं म्हणून मी हाताकडेच पाही, आणि चाक नेमकं तिकडेच वळे. शेवटच्या क्षणी मी गाडी आडवी टाकत असे. "बयताडा, जिकडे पायशीन तिकडे जाशीन," उस्ताद ओरडत. "माह्या हाताले काहून पायतं? थो समोरचा निंब पाय." एकदा उतारावर असाच पडलो, गुडघा सोलवटून निघाला. मी म्हटलं, उद्या बघू. त्यांनी चिंधीवर टाकीतलं पेट्रोल घेतलं आणि उघड्या जखमेवर दाबून धरलं. मी बोंबलत असताना शांतपणे म्हणाले, "आज गेला तं उद्या तुह्यासंगं भेव दुप्पट होऊन येईन." मग उताराच्या तळाशी जाऊन त्यांनी हात ठेवला. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या रागाच्या भरात मी निंबाकडे डोळे लावले आणि गाडी सोडली. चाक कुठून गेलं ते मला कळलंच नाही. मागे वळून पाहिलं तर उस्ताद पँट झटकत उठत होते. आयुष्यात इतका आनंद मला पुढे क्वचितच झाला.

ती गाडी नाल्यापर्यंत ढकलत आणायची आणि संध्याकाळी ढकलत परत न्यायची, हे काम प्रभाकरचं. प्रभाकर म्हणजे उस्तादांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा. घरापासून चांगलंच अंतर होतं, पण तिच्यावर बसायची त्याला मनाई होती. उस्तादांची ती दोन बोटं त्याच्याच चाकाखाली गेली होती, आणि त्या दिवसापासून बापानं त्याला गाडीवर पाय टाकू दिला नव्हता. त्याच्याशी ते बोलतही नसत. काय सांगायचं ते काकूंमार्फत, म्हणजे त्याच्या आईमार्फत, किंवा आमच्यामार्फत सांगत. "त्याले म्हना, चेनीले तेल दे." तो तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा असे.

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला गाठलं. "भाऊ, तू पास झाला तं तुह्या शब्दाले वजन येईन. बाबाले सांग, मले एक डाव बसू दे. जमलं नाही तं पुन्हा मागनार नाही."

मी पास झालो. मोर्णेच्या पात्रात एकदाही पाय टेकला नाही. पेढे घेऊन उस्तादांकडे गेलो, पाया पडलो आणि ते खुशीत आहेत असं पाहून विषय काढला. म्हटलं, चूक झाली त्याची, पण चाक कुणाचंही गेलं असतं.

"चाक गेलं म्हनून नाही," उस्ताद म्हणाले. पेढा त्यांनी हातातच ठेवला. "चाक गेलं असतं तं गेलं असतं. थो मधातच भ्याला आन् थांबला. पाय टेकवून माह्या बोटावर गाडी उभी केली त्यानं, आन् रडत बसला."

"बापाचा हात चाकाखाली आल्यावर कोणता मुलगा थांबणार नाही, उस्ताद?"

"मंग त्यानं बापाचे पाय दाबावे. गाडी काहून मांगते?"

प्रभाकर दाराआड उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. पुढे तो परतवाड्याच्या बसवर कंडक्टर झाला आणि तिकडेच खोली घेऊन राहिला.

काही वर्षांनी काकूंचा अकोल्याला निरोप आला. उस्तादांना अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, हलत होता तो फक्त डावा हात. मी परतवाड्याला जाऊन प्रभाकरला घेऊन आलो. वाटेत तो एवढंच म्हणाला, "ओळखतीन ना मले?"

उस्ताद भिंतीकडे तोंड करून पडले होते. प्रभाकर उशाशी बसला आणि त्यानं ती वाकडी बोटं हलकेच आपल्या हातात घेतली. उस्तादांनी मान वळवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओळखलं, यात मला शंका नाही. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि सावकाश, बराच वेळ खटपट करून, पांघरुणाखाली नेला. आम्हा परक्या पोरांच्या चाकांसमोर जो हात कधी हलला नाही, तो हा. त्या माणसानं मला भाकर मिळवून दिली, पण त्या क्षणी मला त्याची किळस आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

प्रभाकर उठला नाही. उस्ताद जाईपर्यंत रजा काढून तिथेच बसून राहिला.

तिरडीवर घेताना उस्तादांचा डावा हात बाहेर लोंबला. "प्रभाकर, हात नीट कर त्यांचा," काकू म्हणाल्या. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि छातीवर ठेवला. लोक खोळंबले, कुणीतरी आटपा म्हणालं, तरी तो धरूनच उभा होता. या खेपेस उस्तादांना तो सोडवून घेता आला नाही.