एअरिंग कपबोर्डातलं दही

मी चौथीपर्यंत शिकलो. सजवून लिहिणं जमत नाही, झालं तसं लिहितो.

ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात मी आयुष्यभर बॉयलर सांभाळला, पण घरातला गॅस कधी पेटवला नाही. बायको म्हणायची, "अख्ख्या हॉस्पिटलाला गरम पाणी देता आणि घरात चहा गार करून पिता." म्हणायची आणि तोच चहा पुन्हा गरम करून हातात द्यायची. मी रिटायर झालो आणि त्याच थंडीत ती गेली. नव्वद साल यायचं होतं अजून.

ग्लासगोहून मुलगी आली, तेराव्यापर्यंत राहिली. भात, वरण, वॉशिंग मशीन, शर्टाचं बटण, सगळं तिने मला दाखवलं. लाज याची वाटली की यातलं बरंचसं मला एके काळी येत होतं. गावी आई शेतावर गेली की भाकऱ्या मी थापायचो. म्हशीची धार काढायचो, फाटलेलं शिवायचो. इथे आल्यावर बायकोने एकेक काम हातातून काढून घेतलं आणि मी खुशाल दिलं. आता पासष्टीत तांदळावर पाणी किती घालायचं ते मुलीला विचारत होतो.

ते जमलं हळूहळू. अडलं ते दह्यापाशी.

बायको इकडे आली तेव्हा तिने माहेरचं विरजण आणलं होतं. सुती फडकं दह्यात बुडवून, सावलीत वाळवून, साड्यांच्या घडीत ठेवून. इथे आल्यावर ते कोमट दुधात सोडलं. तेव्हापासून आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, असं चालू राहिलं. इथल्या थंडीत दही लागेना, म्हणून भांडं एअरिंग कपबोर्डात, म्हणजे कपडे उबेला ठेवायच्या कपाटात, गरम पाण्याच्या टाकीला टेकवून, टॉवेलांत गुंडाळून. आमच्या टॉवेलांना कायम आंबूस वास. आम्ही गावी गेलो की वाटीभर विरजण ती इथल्याच एका मराठी डॉक्टरीणबाईंकडे ठेवायला द्यायची, लोक मांजर ठेवायला देतात तसं.

जाताना मुलगी म्हणाली, "बाबा, दूध उकळ. मग करंगळी घालून बघ. चटका नाही, गार पण नाही, मग विरजण टाक. आणि खायच्या आधी एक चमचा बाजूला काढ. ऑलवेज."

"बॉयलर चालवलाय मी," म्हटलं.

"बॉयलरला गेज असतं, बाबा."

पहिले काही दिवस दही लागलं, पण पातळ. दूध फार निवू देत होतो. मग एकदा ठरवलं, आज जरा गरम असतानाच लावू. करंगळी घातली. कोमट वाटलं. पातळ दही वाटीभर राहिलं होतं, ते सगळं ओतलं. जास्त विरजण, जास्त घट्ट, असा माझा हिशेब.

सकाळी झाकण काढलं. वर दूध, तळाशी चुरा. तरी दिवसभर ठेवलं, दुसरा दिवसही ठेवलं. मग वास यायला लागला.

सिंकपाशी उभा राहून मी नळाच्या गरम पाण्याखाली करंगळी धरली. मग मनगट धरलं. मनगट भाजलं, करंगळीला काही कळलं नाही. वाफेचे व्हॉल्व्ह फिरवून बोटांची कातडी कधीच मेलेली. बायकोला ते माहीत असणार. म्हणूनच ती मला दुधापाशी येऊ देत नव्हती. मला वाटायचं, लाड करते.

मुलीला फोन केला. "आईने तुला विरजण दिलं होतं ना? त्यातलं आण."

ती म्हणाली, "बाबा, ते केव्हाच संपलं. आम्ही सुपरमार्केटचं आणतो. आईला सांगितलं नाही."

बसने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या हळहळल्या. "अहो, वहिनी परत आल्या की मी वाटी परत द्यायचे. माझ्याकडे कशाला राहील?"

बायकोची ट्रंक उपसली. विरजणाचं ते फडकं सापडलं. धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं. तरी दुधात भिजत घातलं. त्याचं काय होणार होतं.

शेवटी दुकानातला दह्याचा डबा आणला, जॅम करताना वापरतात तसलं काचेचं थर्मामीटर घेतलं, त्यातला पारा बघून दूध निववलं. दही लागलं. चांगलं घट्ट लागलं. मी रोज लावत राहिलो, रोज चमचाभर बाजूला काढत राहिलो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

ईस्टरला मुलगी आली. दहीभात खाल्ला, दुसऱ्यांदा वाढून घेतला. म्हणाली, "अगदी आईसारखं झालंय, बाबा."

"उगाच बोलू नकोस. आईचं मी मारलं."

"डोन्ट बी सिली."

"बरं."

तिने उरलेलं दही वाडग्यात निपटून घेतलं, भांडं सिंकमध्ये ठेवलं आणि नळ सोडला. बाजूला काही काढलं नव्हतं. मी बघत होतो.