तोंड हलवा, काय बी बोला

किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप जमतात. दुष्काळाच्या काळात मी येरमाळ्याच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी होतो आणि दूध सोडून बाकी सगळं गोळा करत होतो! याला कारण शंकर कांबळे, टूरिंग टॉकीजचा ऑपरेटर. तंबू बंद पडला तेव्हा मालकानं मशीन त्याच्याकडंच ठेवलं. त्याला जुन्या मूकपटांचा नाद होता, तो मलाही लागला.

*

जुनी रिळं उष्णतेनं पेट घेतात. गावात थंड जागा एकच, आमची चिलिंगची खोली. दूध आटल्यामुळं ती रिकामीच होती, म्हणून रिळांचे डबे तिथं ठेवले. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी डबा उघडून हे काय म्हणून विचारलं.

"राजकन्या हाय, साहेब," शंकर म्हणाला. "भाईर ठिवली तर नासंल."

साहेबांनी झाकण लावलं आणि चहा मागितला.

*

बेंबळीत एकाकडं मूकपट आहे असं कळलं. आम्ही पोचलो तो नेमका पोळ्याचा दिवस. त्या वर्षी गोंडे घेणं कुणालाच परवडत नव्हतं, म्हणून मालकानं रीळ कापून बैलांच्या शिंगांना गुंडाळलं होतं. शंकर बैलाभोवती फिरत एकेक फ्रेम बघू लागला.

मालक म्हणाला, "बुजवू नगा त्याला, पिच्चर शिवारात जाईल."

पोळा झाल्यावर त्यानं पट्ट्या सोडवून आमच्या हातात दिल्या.

*

त्या पट्ट्यांत राजवाड्यातली रात्र निघाली. समई पेटलेली, राणी रडतेय, पण पडदे फडफडतायत आणि सिंहासनाच्या पाठीवर चक्क कावळा! शंकर म्हणाला, तेव्हा शूटिंग उन्हात व्हायचं, त्यामुळं राजवाड्याला छप्परच नसायचं. फिल्म महाग, म्हणून कावळ्यासाठी कुणी कॅमेरा थांबवला नाही. मला तरी सगळ्यांत कावळ्याचंच काम आवडलं.

*

शंकरचा एक नियम होता. मशीनजवळ पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या हव्यातच. सोनारीला खेळ दाखवायला गेलो तेव्हा लोकांनी आम्हाला खोली दिली, बाज दिली, भाकरी दिली, पण बादल्या देईनात. टँकर येऊन बरेच दिवस झाले होते. शेवटी एका आजींनी दिल्या, पण अट घातली, "पेटलं न्हाय तर पानी माघारी द्यायचं."

खेळ संपेपर्यंत आजी पडद्याकडं न बघता बादल्यांकडं बघत होत्या.

*

आता गयाबाईंचं सांगतो. त्या येरमाळ्याच्याच. त्यांचे यजमान धोंडिबा तरुणपणी घोडी सांभाळायला कोल्हापूरला गेले आणि एका मूकपटात पहारेकरी झाले. आदल्या वर्षी ते वारले. गयाबाईंना कितीतरी वर्षं ऐकू येत नव्हतं, पण समोरच्याचे ओठ बघून त्यांना सगळं कळायचं. धोंडिबांशी त्या तशाच बोलत आल्या होत्या.

शूटिंगला आवाज लागायचा नाही, म्हणून डायरेक्टर नुसता ओरडायचा, "तोंड हलवा, काय बी बोला!" धोंडिबा काय बोलले, ते त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. "बघशील तवा कळंल," म्हणायचे. आणि बघायला तो सिनेमा गावात कधी आलाच नाही.

तो आम्हाला सापडला, पण आकसून पार कडक झालेला. शंकर म्हणाला, मशीनवर एकदाच चालेल. मला ते रीळ जसंच्या तसं पुण्याला जाणकारांकडं पाठवायचं होतं. आमचं त्यावरून भांडण झालं. शेवटी शंकर म्हणाला, "पुण्यात त्याला वळखनारं कोन हाय?"

संध्याकाळी सोसायटीच्या चुन्याच्या भिंतीसमोर गयाबाईंना बसवलं. मोटरच्या वेगानं चालवलं तर मूकपटातली माणसं टुणटुण उडतात, म्हणून शंकर हातानं हळूहळू फिरवत होता. बादल्या शेजारी होत्या. धोंडिबा भाला घेऊन धावत आले, मुजरा करून बोलले. मग पडद्यावर संवादाची पाटी आली, 'महाराज, शत्रू वेशीपाशी आला!' तेवढ्यात रीळ तुटलं.

गयाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. काय म्हणाले, असं शंकरनं ओठ सावकाश हलवत विचारलं.

"शत्रू-बित्रू काय न्हाय," त्या म्हणाल्या. "गया, च्या टाक, म्हनत्यात."

मग उठल्या, बादलीतलं पाणी घेतलं आणि सोसायटीच्या स्टोव्हवर चहा ठेवला. आम्ही दोघं आणि त्या. कप चार भरले.