हजार युनिटांचे काका

काका आमच्या घरी आले की चपला काढण्याआधी एसीचा थर्मोस्टॅट बघायचे. मान मागे घेऊन, डोळे बारीक करून, लग्नात समोर आलेला माणूस नक्की कोण हे आठवत असल्यासारखे. मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "बाहत्तर? घरात काय श्रीखंड ठेवलंय?" आणि कोणाला न विचारता आकडा अठ्ठ्याहत्तर फॅरनहाइटवर नेऊन ठेवायचे. टेक्सासातल्या अर्विंगच्या जुलैत आम्ही घाम पुसत त्यांना चहा करून द्यायचो.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचा मात्र विजेतला होता.

टेक्सासात वीज कोणाकडून घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. खांब तेच, तारा त्याच, पण वीज विकणाऱ्या कंपन्या ढीगभर आणि प्रत्येकीच्या प्लॅनची नावं अशी गोड की वाटावं, ही माणसं वीज विकत नसून वाटतच आहेत. भारतातून नवीन आलेल्यांची मती गुंग होते. आम्ही नवरा-बायको दोघं इंजिनिअर, पण पहिलं वर्षभर वेबसाइटवर सगळ्यात वर दिसलेला प्लॅन घेऊन गप्प बसलो होतो.

काका सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलाकडे राहायला आले. त्यांनी आल्या आल्या मुलाचा प्लॅन बदलला, आणि मुलाचं काम संपल्यावर गल्लीकडे मोर्चा वळवला. कोणी नुसतं "काका, बिल फार येतं हो" म्हणालं की ते हात वर करायचे. "ढोबळ बोलू नकोस. युनिट सांग." मग भिंग काढून कराराची बारीक अक्षरं वाचायला बसायचे. कोणाचा करार कधी संपतो हे त्यांना तोंडपाठ होतं. लोकांचे वाढदिवस मात्र विसरायचे.

दारोदार प्लॅन विकत फिरणारे लोक आमच्या भागात नेहमीच येतात. बाकीचे दार उघडत नाहीत. काका त्यांना आत बोलावून पाणी द्यायचे. एकदा असाच एक उंचापुरा माणूस टाय लावून आला. त्याचं बोलून झाल्यावर काकांनी शांतपणे विचारलं, "अँड युवर ओन हाउस? व्हॉट प्लॅन?" तो गडबडला. काकांनी त्याच्याच फोनवर त्याचं बिल उघडायला लावलं, कपाळाला हात लावला आणि त्याला दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त प्लॅन शोधून दिला. जाताना त्याने काकांना मिठी मारली. आमच्या गल्लीत पुन्हा तो काही विकायला आला नाही.

पण काकांची खरी कसोटी माझ्या सासूबाईंनी घेतली. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आमचा प्लॅन काकांनीच निवडलेला: महिन्याला हजार युनिटं ओलांडली की कंपनी बिलातून घसघशीत रक्कम वजा करणार, एक जरी कमी पडलं तर काही नाही. आपल्याकडे सगळं उलट. तिथे जास्त जाळलं की दर चढतो, म्हणून दिवे बंद करणं हा आपल्या घराघरातला संस्कार. सासूबाईंनी तो इथे निष्ठेने पाळला. ड्रायर बंद करून मागच्या अंगणात दोरी बांधली, मायक्रोवेव्हचा प्लग काढून ठेवला, खोलीतून कोणी उठलं की मागोमाग जाऊन दिवा घालवला. ऑक्टोबरचं बिल आलं ते सप्टेंबरपेक्षा मोठं.

काकांनी बिल पाहिलं आणि खुर्चीत बसले. "आठ युनिटं कमी पडली, वहिनी."

"मी तं एवढं वाचवलं भाऊजी," सासूबाई म्हणाल्या, "मग बिल वाढलं काहून?"

त्यांना समजावता समजावता काकांच्या तोंडाला फेस आला. वाचवलं म्हणून दंड, हे त्यांच्या स्वतःच्याच गळ्याखाली उतरत नव्हतं, तर दुसऱ्याच्या कसं उतरवणार?

पुढच्या महिन्याच्या शेवटी पुन्हा हजाराला थोडी युनिटं कमी पडत होती. काका दुपारी आले, घसा साफ केला आणि मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, वीज जाळायची आहे." सासूबाईंनी पदर खोचला. ओव्हन पेटला, नानकटाईचे घाणे निघू लागले, ड्रायर घरघरू लागला, आणि सगळ्या गल्लीत तुपाचा वास सुटला. एवढ्यात काका उठले आणि हॉलचा दिवा बंद करून आले.

"अहो, जाळायची आहे ना?"

"जाळायची आहे. उधळायची नाही."

त्या महिन्यात हजार युनिटं ओलांडली. नानकटाई घराघरात पोचली आणि पुढच्या वेळी आमच्याकडे युनिटं कधी कमी पडणार, अशी चौकशी सुरू झाली.

एकदा मी त्यांना सहज म्हटलं, "काका, किती दगदग करता आमच्यासाठी!" ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, घरी माझं कोणाला काही अडत नाही. मुलगा-सून मीटिंगमध्ये, नातीला विचारलं तर 'आय'म गुड, आजोबा.' बिल घेऊन तुम्ही दारात येता, तेवढ्यापुरता मी लागतो." मी चहा टाकला.

मग मुलाची बदली दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला झाली. काकांनी अर्थातच आधी तिथली वीज शोधली, आणि दुसऱ्या दिवशी उतरलेल्या चेहऱ्याने आले. "एकच कंपनी आहे गं. ती देईल ती वीज घ्यायची. निवडायला काहीच नाही." त्यांचा मुलगाही मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबांचं तिथे कसं होणार, यार? मला खरंच टेन्शन आलंय." काका निघाले त्या दिवशी थर्मोस्टॅटकडे न बघता सरळ आत येऊन बसले. मला रडू आवरेना.

नंतर मी दर रविवारी फोन करायची. "बरं आहे", "थंडी आहे", "झाडं पुष्कळ आहेत", एवढंच. सारखं बोलणाऱ्या माणसाचं हे एवढं-तेवढं ऐकून माझा सगळा रविवार वाईट जायचा. मी फोन ठेवताना उगाचच मोठ्याने हसायची.

गेल्या रविवारी मी नंबर लावायच्या आधी त्यांचाच फोन आला. कशी आहेस नाही, काही नाही.

"अगं, इथे वीज एकाच कंपनीची, पण घर तापवायला गॅस लागतो, आणि गॅस विकणाऱ्या कितीतरी आहेत! एकीचा दर कमी आहे, पण बारीक अक्षरांत दरमहा वेगळीच रक्कम लावतात. लबाड! शेजारच्या तेलुगू मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचं काल बदललं. आता त्यांची बहीणपण—"

मागे बेल वाजली. "आजोबा, समवन'स हिअर फॉर यू!" नात ओरडली. "विथ अ बिल!"

"काका, तुमची तब्येत—" मी म्हटलं.

"नंतर बोलू गं, लोक थांबलेत," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कोणाला माझ्याशी बोलायला वेळ नाही, याचा मला इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता.