काचेचं दुसरं टोक

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे पैलवान म्हणायचे. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता, पण दारापेक्षा उंच काच अशी लीलया उचलायचा, की मालक गमतीने म्हणायचे, "अरे, बाकीच्यांसाठीही थोडं वजन ठेव." काचेचं दुसरं टोक कायम त्याच्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे असे. दोघांना बोलावंही लागत नसे. एकाचं पाऊल पडलं की दुसऱ्याचं पडायचं.

चाळिशी उलटली आणि एका दुपारी पैलवानाच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून तो जीव घेऊन परतला खरा. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, ओझं उचलायचं नाही आणि एकटं राहायचं नाही. बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. ते काम सोडून ती घरी बसली. तो आडवा झाला की ती हळूच त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची, आणि तो जागा असूनही डोळे मिटून घ्यायचा.

दोघांचेही पगार थांबले, तशी घराची रयाच गेली. शेवटी बायको दुकानात गेलेली पाहून पैलवान कारखान्यात जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, असं बेधडक खोटं बोलला. घरी कळल्यावर बायको भांडली, पण घरात पैसाच नव्हता, तिला अडवता आलं नाही. मेहुण्याला ते खोटं कळलं. पण तो गप्प राहिला आणि हात काचेच्या मध्याकडे सरकवून जास्तीचा भार स्वतःच पेलू लागला. जोडीचं काम निम्म्यावर आलं. मालकांनी काही दिवस काणाडोळा केला.

मग एकदा काच टेम्पोवर चढवताना पैलवानाचा श्वास कोंडला. टोक हातातून निसटलं. काच वाचवायला मेहुणा वाकला, तोच त्याच्या कमरेत लचक भरली. काच गेली ती गेलीच, वर तोही आडवा झाला.

मालकांनी पैलवानाला पाणी दिलं, बाकावर बसवलं. "तुला काढताना मलाही बरं वाटत नाही रे," ते म्हणाले, "पण तुला ठेवलं तर उद्या हाही हातचा जाईल."

मेहुणा पंधरवड्याने कंबर धरत कामावर आला, तेव्हा त्याला जोडीदार नव्हता. लॉन्ड्रीतली बायकोची जागा केव्हाच भरली होती. तिने फार विचार केला नाही. सकाळी केस घट्ट बांधत म्हणाली, "त्याच्याबरोबर मी जाते. काचेचं दुसरं टोक मी धरीन."

"तुला झेपायचं नाही."

"तुम्हाला तरी कुठं झेपत होतं?"

बोलून गेली आणि तिलाच कसंतरी झालं. ती घुटमळली.

"आणि मी?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक, की तो आपलाच आहे हे त्याला खरं वाटेना.

"आतून कडी लावू नका," ती म्हणाली.

ती गेली. उघड्या दारातून रस्ता दिसत होता, लोक लगबगीने कामाला चालले होते. तो त्यांच्याकडे पाठ करून बसला.