अक्का बायबल निवडतात

लग्नासाठी मुलगा पारखावा तसं बायबलचं भाषांतर पारखणारं माणूस जगात एकच असेल, आणि ते थोरली नणंद म्हणून माझ्या वाट्याला आलं. अक्कांनी स्वतः लग्न केलं नाही, त्यामुळे सगळी पारख शिल्लक होती. जन्मभर इस्पितळात नर्स. निम्म्या रत्नागिरीच्या दंडाला त्यांची सुई लागली आहे आणि उरलेल्या निम्मीला जीभ. त्यांच्या खाटेशेजारच्या कपाटात सात बायबलं होती: जुन्या भारदस्त मराठीतलं, नव्या सोप्या मराठीतलं, इंग्रजी दोन, आणि बाकीची कुणी ना कुणी भेट दिलेली. सातही उमेदवारीवर, कायम कुणीच नाही. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आलं, की पाळकसाहेबांनी वाचलेला उतारा सातही ठिकाणी काढून बघायचा आणि सातही भाषांतरकारांना नावं ठेवायची, हा त्यांचा विसावा.

परीक्षाही साध्या नव्हत्या. भाट्याच्या पुलापलीकडून मासेवाली यायची. अक्का तिची पाटी ओटीवर उतरवून घेत, आणि बांगड्यांचा भाव ठरायच्या आधी तिला ती गोष्ट वाचून दाखवत: रात्रभर काही न मिळालेले कोळी किनाऱ्यावर जाळी धूत बसलेत ती. आधी जुन्यातून, मग सोप्यातून. एकदा मासेवाली पदरानं वारा घेत म्हणाली, "अक्का, पयला काय कळला नाय, पण होडीत बसल्यासारखा वाटला. दुसरा सगळा कळला, पण होडी कुठं गेली?" अक्का इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी त्यांनी भाव केला नाही. दुसरी परीक्षा येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या सासूची. येशूनं बरं केल्यावर तिचा ताप उतरतो आणि ती लगेच उठून पाहुण्यांना वाढायला लागते. सातही भाषांतरं इथे नापास. "अगो, तापातून उठलेल्या बाईला कुणी असं कामाला लावतं?" असं म्हणून त्यांनी सातही समासांत पेन्सिलीनं लिहून ठेवलं, "दोन दिवस विश्रांती."

आणि मी? मी देवरूखच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेली, नवी नवरी. सोपं बायबल म्हणजे माझ्या मते पोरासोरांचं. महिला मंडळात मी जुन्यातूनच वाचायची, तेही आवाजाला कंप देऊन, मधेच डोळे मिटून. आता आठवलं की स्वतःच्याच पाठीत धपाटा घालावासा वाटतो. एकदा असं गहिवरून वाचून झालं आणि अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "छान वाचलंस हो. आता तिसरी ओळ म्हणजे काय, तेवढं सांग."

मला कुठं काय कळलं होतं! मी मान वर करून म्हटलं, "अक्का, ते सांगायचं नसतं, अनुभवायचं असतं."

"बरं. मग अनुभव तू. आम्ही थांबतो."

आणि अख्खं मंडळ थांबलं की हो! चहा गार झाला, माझा अनुभव काही येईना.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं, की आतला पडदा सुकत चाललाय. वाचता येईल ते वर्षभर, तेही मोठ्या अक्षरांचं. आम्ही रिक्षातून घरी आलो. दारात चपला काढताना म्हणाल्या, "आता सातांना डोळे नाही पुरायचे. एकच घ्यायचं." पुढचे तीन आठवडे घरात परीक्षेचे दिवस. पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले, "अक्का, या वयात सोपंच बरं." अक्का म्हणाल्या, "वय गुडघ्यांचं झालंय साहेब, डोक्याचं नाही." तरी माझी खात्री होती, की सोपंच घेणार. जुन्याला त्यांनी जितकी नावं ठेवली तितकी मलासुद्धा ठेवली नसतील. आणि बाईंनी मागवली ती जुन्याची मोठ्या अक्षरांची प्रत!

मी म्हटलं, "अहो, जन्मभर त्याच्याशी भांडलात ना?"

"म्हणूनच. सोपं काय, उद्या तू वाचलंस तरी कानातून आत जाईल. ह्यात मला एकेका ओळीशी थांबायचंय, चार ओळी मागे जायचंय, पुन्हा भांडायचंय. ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी होत नाही गो."

ते वर्ष त्यांनी कंजुषासारखं वापरलं. वर्तमानपत्र बंद, पंचांगवाली दिनदर्शिका बंद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा मी वाचायची. सकाळच्या उजेडात खिडकीशी बसायच्या, बोट ओळीवर, ओठ हलताहेत, मधेच एखाद्या संदेष्ट्याला "काय सांगतोस!" असा दम. सगळं पुस्तक संपलं नाही. पण शेवटी शेवटी अक्षरं विरघळायला लागली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिसरी ओळ कळली मला. तुला सांगणार नाही."

आता रोज चार वाजता मी त्यांना सोप्यातून वाचून दाखवते, बिनकंपाच्या आवाजात. सुरुवातीला खोडी म्हणून मी मधलीच एखादी ओळ गाळायची. लगेच आवाज यायचा, "मागे जा, चोरटे!" तो ऐकायला मिळावा म्हणूनच गाळायची मी. परवा सहा-सात ओळी गाळल्या. अक्का काही बोलल्या नाहीत. माझ्या आवाजाकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या. मी त्या 'चोरटे'ची वाट पाहिली. मग कुणाला कळू न देता मागे गेले आणि त्या सगळ्या ओळी वाचल्या, जरा मोठ्यानं.