मेली समजलेल्या बाईनं ओटी भरली

मंडळी, ओळखलं का? कसं ओळखाल, तुम्ही तर मला कधीच पोचवून मोकळे झालात. लिहितेय नात, बोलतेय मी.

मला गर्भपिशवीचा कॅन्सर झाला होता, लई कमी बायांना होतो तसला. आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, इतक्या वर्षांत परत आला नाही. आता बरा झाला म्हणायचं."

त्याच आनंदात बजाजनगरला धाकट्या जावेच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेले. ओटी भरायला उठले, तर जावेनं ताटच मागं ओढलं. "आक्का, तुम्ही नका. पोटुशी पोर हाय, दोष लागंल."

मी म्हणलं, "अगं, माझी पिशवी काढली, तुझी तर अक्कल काढलेली दिसती! माझा रोग गेला, तुझा कधी जाणार?"

सून गालात हसली अन् तिनं पदर माझ्यापुढंच पसरला. भरली मी ओटी, नारळासकट.

शिकल्या-सवरल्या बायांनो, बऱ्या झालेल्या बाईला अजून किती वर्षं आजारी ठेवणार?

अन् ते आजाऱ्याचे मऊ भाताचे डबे आता बास. पाठवायचंच असंल तर येसराची झणझणीत आमटी पाठवा, संगं बाजरीची कडक भाकरी.